गेट ड्रायव्हर

गेट ड्रायव्हर हा पॉवर ट्रान्झिस्टरच्या गेटला अत्यल्प काळासाठी मोठा विद्युतप्रवाह पुरवून तो ट्रान्झिस्टर जलद चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक परिपथ होय. स्विच मोड पॉवर सप्लायमध्ये तो नियंत्रक आयसी आणि मॉस्फेट यांच्या दरम्यान जोडलेला असतो. काही नियंत्रक आयसींमध्ये तो अंतर्भूतच असतो.

== आवश्यकता ==
मॉस्फेटच्या गेटखाली ऑक्साइडचा विद्युतरोधक थर असल्याने गेट कपॅसिटरप्रमाणे वागते. स्थिर अवस्थेत त्याला जवळजवळ प्रवाह लागत नाही. मात्र अवस्था बदलताना त्यावरील विद्युतभार भरावा किंवा काढून घ्यावा लागतो. त्यासाठी लागणारा सरासरी प्रवाह म्हणजे विद्युतभार भागिले वेळ. उदाहरणार्थ, ५० नॅनोकूलोंब भार २५ नॅनोसेकंदांत भरण्यासाठी २ अँपिअर प्रवाह लागतो. २० मिलिअँपिअर देणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनला याच कामासाठी २.५ मायक्रोसेकंद लागतील. १०० किलोहर्ट्झ वारंवारतेला एक आवर्तन १० मायक्रोसेकंदांचे असते. म्हणजे त्यातील निम्मा काळ गेट भरण्यात आणि रिकामे करण्यातच जाईल. संक्रमण होत असताना ट्रान्झिस्टरवर विद्युतदाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह दोन्ही एकाच वेळी मोठे असल्याने तो तापतो.

== अरुंद स्पंद ==
४८ व्होल्टपासून १.२ व्होल्ट मिळवणाऱ्या बक परिवर्तकात मुख्य ट्रान्झिस्टर आवर्तनाच्या सुमारे २.५ टक्केच काळ चालू असतो. ५०० किलोहर्ट्झला हा काळ केवळ ५० नॅनोसेकंद भरतो. चालू होण्यास आणि बंद होण्यास प्रत्येकी २५ नॅनोसेकंद लागल्यास ट्रान्झिस्टर पूर्णपणे चालू राहण्यास वेळच उरत नाही. नियंत्रकाच्या किमान चालू-काळापेक्षा अरुंद स्पंद लागत असल्यास काही स्पंद वगळले जातात आणि बाहेर पडणाऱ्या विद्युतदाबातील चढउतार वाढतात. यावर पुढील उपाय योजतात:
* वारंवारता कमी करणे. मात्र त्यामुळे इंडक्टर मोठा लागतो.
* रूपांतर दोन टप्प्यांत करणे, उदा. ४८ ते १२ आणि १२ ते १.२ व्होल्ट.
* गेटवर कमी भार लागणारे गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर वापरणे.

== मर्यादा ==
अतिजलद स्विचिंगमुळे जोडण्यांतील इंडक्टन्स दोलने निर्माण करतो आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय वाढतो. अनेक सिलिकॉन मॉस्फेटच्या गेटची कमाल मर्यादा ±२० व्होल्ट असते. ती ओलांडल्यास ऑक्साइडचा थर कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून ड्रायव्हर गेटच्या अगदी जवळ ठेवतात आणि मध्ये सहसा काही ओहमचा रोधक जोडतात.