न्यूआर्कची कारभारीण



गेल्या दिवाळीत आमच्या गटाची वीस किलो चकली एका दुकानदाराने नेली. पैसे नंतर बघू म्हणाला. आम्ही मागायला गेलो तर म्हणतो कसा, "कागद दाखवा. तुमचा काय कारखाना आहे का?" आम्ही तोंड पाडून परत आलो. ते मनात घोळत होतं, म्हणून आज एका अशा बाईची हकिगत सांगणार आहोत, जिला अमेरिकेतल्या मोठमोठ्या माणसांनी हेच ऐकवलं होतं. पण ती गप्प बसली नाही.

तिचं नाव एफा मॅनली. बेसबॉलच्या संघाची मालकीण आणि मॅनेजर. बेसबॉल म्हणजे गोल दांडक्याने चेंडू टोलवायचा आणि मैदानाचे चार कोपरे पळून परत यायचं. आपल्याकडे क्रिकेटचं वेड, तसं तिकडे याचं. मैदानावर पोरांना खेळवणारा मॅनेजर वेगळा असतो. एफाबाई धंद्याची मॅनेजर. करार, पगार, प्रवास, सामने कुठे नि कधी, जाहिरात, सगळं तिच्याकडे. नवरा एब खेळाडू निवडायचा. त्याने पैसा कमावला होता आपल्या मटक्यासारख्या आकड्यांच्या धंद्यात. तेही सांगायला हवं, लपवून काय उपयोग!

त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या मोठ्या संघात घेत नसत. कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण साठेक वर्षं तो पाळला गेला. मग काळ्या लोकांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा भरवल्या. खेळाडू एकाहून एक, पण पगार कमी, रात्र-रात्र बसचा प्रवास, आणि वाटेतल्या कितीतरी हॉटेलांत जेवायलाही बंदी.

एफाबाईचा जन्म 1897 सालचा, फिलाडेल्फियातला. वर्णाने इतकी उजळ की गोरीच वाटायची. आपले जन्मदाते आईवडील गोरेच होते, असं ती पुढे सांगायची. पण वाढली ती काळ्या सावत्र वडिलांच्या घरात, काळ्या भावंडांत, आणि जन्मभर त्यांच्याच बाजूने उभी राहिली. 1934 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एक मोठं कापडचोपडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक काळं, पण काउंटरवर काळी मुलगी ठेवायची नाही. जिथे आम्हाला काम नाही तिथे आम्ही खरेदी करणार नाही, म्हणून लोकांनी दुकानासमोर धरणं धरलं. एफाबाई त्यात पुढे होती. काही आठवड्यांत मालक नमला आणि मुली कामाला लागल्या.

पुढच्याच वर्षी नवरा-बायकोने ब्रुकलिनला 'ईगल्स' संघ काढला. पहिल्या सामन्याला खुद्द न्यूयॉर्कचे महापौर आले, आणि संघ 21 विरुद्ध 7 असा हरला! एफाबाई अर्ध्यातूनच उठून घरी गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा व्हिस्की घेतली. तिने स्वतःच हे सांगून ठेवलंय. 1936 मध्ये संघ शेजारच्या न्यूआर्क शहरात गेला आणि तिथे रुजला.

तिच्या रंगेलपणाच्या गोष्टी पुष्कळ. हॅट, उंची कपडे, आणि सामना बघताना पायावर पाय टाकून किंवा काढून ती फलंदाजाला खुणा करायची म्हणे. एकदा तिच्याकडे बघता बघता एकाच्या डोक्यात चेंडू बसला. खरं-खोटं ते खेळाडूच जाणोत. पण ती नुसती नखरेल नव्हती. जमाव काळ्या माणसाला पकडून फाशी द्यायचा, त्या अघोरी प्रकाराविरुद्ध तिने 1939 मध्ये आपल्या मैदानावर खास दिवस पाळला. मालकांच्या बैठकीत बाईमाणूस कशाला, असं आधी कुरकुरणारे पुरुष पुढे तिचं ऐकायला लागले.

1946 साली ईगल्सने कॅन्सस सिटीच्या मोनार्क्सना सात सामन्यांत हरवून काळ्यांच्या लीगचं अजिंक्यपद घेतलं. एवढं सोन्यासारखं वर्ष, पण घरात चोरी तेव्हाच सुरू झाली होती.

ब्रुकलिन डॉजर्स या गोऱ्यांच्या संघाचे ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन नावाचा काळा खेळाडू घेतला. 1947 मध्ये तो मोठ्या लीगमध्ये उतरला आणि साठ वर्षांचं दार उघडलं. ही मोठीच गोष्ट, रिकींचा मान त्यांना द्यायलाच हवा. पण रॉबिन्सनच्या जुन्या संघाला त्यांनी एक पैसा दिला नाही. ईगल्सचा डॉन न्यूकम नेला, त्याचेही नाही. हाच न्यूकम पुढे 1956 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रिकींचं म्हणणं, काळ्यांच्या लीग म्हणजे धड लीगच नव्हेत, त्यांचे करार कसले! ऐकलंत? आमचा दुकानदारही हेच म्हणत होता.

एफाबाईची अडचण बघा. पैसे मागावेत, तर तू आपल्याच माणसांच्या वाटेत येतेस, असं लोक म्हणणार. न मागावेत, तर संघ बुडणार. ती मागत राहिली. 1947 च्या जुलैत क्लीव्हलंडचे बिल व्हेक यांनी तिचा लॅरी डोबी मागितला आणि दहा हजार डॉलर देऊ केले. तिने तोंडावर सांगितलं, हा पोरगा गोरा असता तर तुम्ही लाख दिले असते. शेवटी डोबी संघात टिकला तर आणखी पाच हजार, असं ठरलं. तो टिकला. अमेरिकन लीगमधला तो पहिला काळा खेळाडू. पुढे माँटी अर्विनला रिकी असाच फुकट नेत होते. तिने वकील लावला, रिकींनी हात काढला आणि न्यूयॉर्क जायंट्सने पाच हजार मोजले. आपल्या वाट्यातून तिने फरची शाल घेतली. आम्हाला हे फार आवडलं.

पण धंदा राहिला नाही. प्रेक्षक रॉबिन्सनला बघायला गेले. 1946 मध्ये न्यूआर्कला सुमारे 1,20,000 लोक आले होते, पुढच्या वर्षी सुमारे 57,000, त्यानंतर 35,000. 1948 च्या शेवटी मॅनली जोडप्याने संघ विकला आणि तो ह्यूस्टनला गेला. त्याच वर्षी रॉबिन्सनने काळ्यांच्या लीगवर जाहीर टीका केली, खराब सोयी, ढिसाळ कारभार. एफाबाई चिडली, याला कृतघ्न म्हणाली. आमच्या मते सोयींबद्दल तो चुकीचा नव्हता. पण ज्या लीगमधून तो वर गेला, ती कुणीतरी पदरमोड करून चालवली होती, एवढं त्याने बोलायला हरकत नव्हती.

म्हातारपणी ती लॉस एंजेलिसला राहायची. बेसबॉलच्या मानाच्या दालनात काळ्या लीगमधल्या खेळाडूंना जागा द्या, म्हणून पत्रांवर पत्रं लिहायची. 1981 मध्ये ती वारली. 2006 मध्ये त्या दालनात तिचं स्वतःचं नाव लागलं, तिथली पहिली आणि आजवरची एकटीच बाई. 1946 च्या संघाला मैदानावर खेळवणारा बिझ मॅकी, त्याचंही नाव त्याच दिवशी लागलं.

आणि तिच्या संघाची पत्रं, हिशोबाचे कागद? ते न्यूआर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेत. कुणालाही जाऊन बघता येतात.