मॉर्मन घरगुती छायाचित्रे (युद्धोत्तर)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांत अमेरिकेतील यूटा राज्यात आणि आसपासच्या मॉर्मन वस्त्यांत काढलेली कौटुंबिक व सामुदायिक छायाचित्रे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या मॉर्मन पंथाची सभासदसंख्या १९४७ मध्ये दहा लाखांवर गेली. युद्धावरून परतलेले तरुण संसाराला लागले होते, घरोघरी कॅमेरे आले होते. त्या छायाचित्रांचे अल्बम आज नातवंडे उघडून बसली की घरभर हसू पसरते. त्या हसण्यात माया फार असते.

नमुन्याचे एक चित्र पाहावे. प्रार्थनागृहाला जोडलेल्या सभागृहात पांढरा कागद अंथरलेली लांबलचक टेबले; त्यांवर किसलेले गाजर घातलेली हिरवी जेली; ती साच्यातून न मोडता निघाली म्हणून वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर उजळलेले समाधान; आणि सर्वांच्या डोक्यावर बास्केटबॉलची जाळी. जेवणावळी, नाच, नाटके, सामने सारे त्याच सभागृहात होत असल्याने ही जाळी लग्नाच्या स्वागतसमारंभातही नवरीच्या मागे डोकावते. दारू, तंबाखू, चहा, कॉफी पंथाला वर्ज्य, त्यामुळे पेल्यांत फळांचे सरबत. गोडाला मात्र बंदी नाही! यूटाने २००१ मध्ये जेल-ओ (याच जेलीचा ब्रँड) हा राज्याचा अधिकृत खाऊ ठरवला, तो या प्रेमापोटीच.

दुसरा आवडता प्रसंग २४ जुलैचा. १८४७ मध्ये पंथाचे नेते ब्रिगम यंग याच दिवशी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. त्याच्या स्मरणार्थ एकाच ताग्यातून शिवलेले झगे घालून बहिणी उंचीनुसार रांगेत उभ्या राहतात आणि धाकटी हमखास भलतीकडेच पाहत असते.

छायाचित्रकार डोरोथिया लँग आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९५३ मध्ये गनलॉक, टोकरव्हिल व सेंट जॉर्ज या गावांची छायाचित्रे काढली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ती १९५४ मध्ये छापली. कलेच्या दृष्टीने ती निःसंशय श्रेष्ठ. पण घरच्या अल्बममधला गोंधळ आणि लाडिकपणा त्यांत नाही.

या अल्बममधले चेहरे बहुतेक गोरे आहेत. कृष्णवर्णीय पुरुषांना पंथाचे पौरोहित्य १९७८ पर्यंत नाकारले गेले होते; चित्रे पाहताना हेही ध्यानात ठेवावे लागते.

बरीच चित्रे कोडॅक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइडवर आहेत. अंधारात ठेवलेल्या या स्लाइडचे रंग अनेक दशके टिकतात. तळघरातले खोके उघडून एखादी उजेडात धरली, तर सत्तर वर्षांपूर्वीची जेली अजून हिरवीगार असते.