खंडोबा–बाणाई विवाहकथा

खंडोबा–बाणाई विवाहकथा : महाराष्ट्राचे लोकदैवत खंडोबा आणि धनगरकन्या बाणाई (बानू) यांच्या प्रेमविवाहाची पारंपरिक कथा. भिन्न जातींतील व भिन्न जीवनपद्धतींतील स्त्रीपुरुषांच्या विवाहाकडे मराठी समाज कसा पाहत आला, हे जाणून घेण्यासाठी ती महत्त्वाची आहे. धनगरांच्या ओव्या, वाघ्यामुरळींची गाणी आणि जागरण यांतून ती मौखिक रूपाने टिकून राहिली.

खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा लिंगायत वाणी कुळातील. तिच्याशी खेळलेल्या सारीपाटाच्या डावात हरल्यामुळे देवाला बारा वर्षे घर सोडावे लागले. बाणाईवर मन जडलेल्या देवाने राजवेष टाकून जराजीर्ण म्हाताऱ्याचे रूप घेतले आणि तिच्या वाड्यावर मेंढ्या राखण्याची चाकरी पतकरली. पुढे त्याने कळपातील मेंढ्या मारल्या आणि बाणाईचा हात मिळताच त्या पुन्हा जिवंत केल्या, असे कथेत सांगितले जाते. येथे वरिष्ठ पुरुष कनिष्ठ मानलेल्या स्त्रीला आपल्या पायरीवर आणीत नाही. तोच तिच्या घरचा चाकर होतो.

तथापि कथेतील भेद लग्नाने मिटत नाही. लोकगीतांतील सवतींच्या भांडणात म्हाळसा बाणाईची जात, राहणी व आहार यांवरून तिला हिणवते. बाणाईही तिला तोडीस तोड उत्तर देते. जेजुरीस म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे, तर बाणाईचे मंदिर गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. भटके पशुपालक आणि स्थिर व्यापारी-कृषक समाज यांचा परस्परसंबंध या दोन विवाहांतून सूचित होतो. गुंथर सोन्थायमर (१९३४–९२) या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या मौखिक परंपरांच्या आधारे या संबंधाचा विशेष अभ्यास केला.

देवाच्या बाबतीत मान्य झालेली ही गोष्ट माणसांच्या व्यवहारात मात्र दीर्घकाळ निषिद्ध राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहांना कायद्याचे संरक्षण दिले आणि मराठा-धनगर विवाहसंबंधांस प्रोत्साहन दिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, कागलच्या घाटगे या मराठा घराण्यातील संयोगिताबाई व इंदूरचे युवराज यशवंतराव होळकर यांचा विवाह झाला. होळकर हे धनगर घराणे खंडोबाचे निष्ठावंत उपासक असून जेजुरीच्या अनेक बांधकामांस त्यांनी हातभार लावला होता. या विवाहामागे प्रेमापेक्षा सामाजिक सुधारणेचा हेतू होता. पुढे हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना देशभर निःसंदिग्ध वैधता १९४९ च्या अधिनियमाने मिळाली.

कायद्याने वैधता दिली, तरी अशा विवाहांना कुटुंब व जात यांच्याकडून होणारा विरोध संपलेला नाही. जागरणात मात्र बाणाईचे लग्न आजही भक्तिभावाने गायिले जाते.