जुन्या द्राक्षारसाचा अर्वाचीन इतिहास

जुना द्राक्षारस तो चांगला, ही समजूत इतकी रुळली आहे कीं ती जगांत अखंड चालत आली असावी असें आपणांस वाटतें. प्राचीन काळीं ती होतीच. संत लूकच्या शुभवर्तमानांत (५ : ३९) ती गृहीत धरली आहे, रोममध्यें तर इ. स. पूर्वीं १२१ सालीं, ऑपिमियस कॉन्सल असतांना झालेला द्राक्षारस मातीच्या मोहोरबंद कुंभांत पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. परंतु पुढें कुंभांची जागा लांकडी पिंपांनीं घेतली. पिंप वाहतुकीस सोयीचें खरें. पण त्यांत हवा शिरे व वर्षभरांत रस आंबूं लागे. मग कित्येक शतकें युरोपच्या बाजारांत नवा द्राक्षारस महाग आणि जुना स्वस्त, असा उलटा भाव चालला.

फ्रान्समधील बोर्दो शहर याची साक्ष देतें. ११५२ सालीं ॲक्वितेनच्या एलेनॉरचा विवाह इंग्लंडच्या भावी राजाशीं, हेन्रीशीं, झाला; तेव्हांपासून १४५३ पर्यंत तो प्रांत बहुतांशीं इंग्लंडच्या राजांकडे राहिला, आणि शरद ऋतूंत नव्या रसाची पिंपें भरून जहाजें तिकडे जात. याच शहराचे आर्चबिशप १३०५ सालीं पोप क्लेमेंट पांचवे झाले. पेसाक येथील त्यांचा मळा आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो. मात्र त्या मळ्याचा रस आज जसा वर्षानुवर्षें मुरवितात, तसा तो त्या पवित्र पित्यांच्या मुखीं कधीं लागला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पालट घडविला तो मळेवाल्यांनीं नव्हे, कांच करणारांनीं. सतराव्या शतकांत इंग्लंडमध्यें दगडी कोळशाच्या भट्टींत जाड, काळसर व मजबूत बाटल्या होऊं लागल्या; त्यांस बुचाची जोड मिळाली. आरंभींच्या बाटल्या बुटक्या व फुगीर असत, त्या आडव्या रचतां येत नसत. अठराव्या शतकांत त्या उंच व सरळ झाल्या. बाटली आडवी निजविली म्हणजे बूच ओलें राहतें, फुगून घट्ट बसतें, आणि हवा फारशी आंत जात नाहीं. एवढ्याशा गोष्टीनें रसाला आयुष्य लाभलें! त्याच सुमारास मळ्याच्या नांवालाही किंमत आली. पोंताक घराण्याच्या ओ-ब्रियाँ मळ्याचा रस लंडनच्या एका पानगृहांत चाखल्याची नोंद सॅम्युअल पीप्स यानें १६६३ च्या एप्रिलमध्यें आपल्या रोजनिशींत केली आहे. १८५५ सालीं मेदोकच्या मळ्यांची पांच श्रेणींत प्रतवारी झाली, तेव्हां बाहेरचा हा एकच मळा तींत घेतला गेला, आणि तोही पहिल्या श्रेणींत.

बाटलींत द्राक्षांच्या सालींतील तुरट द्रव्यें व रंगद्रव्यें हळूहळू एकत्र येऊन तळाशीं बसतात. रस मवाळ होतो. जांभळा रंग विटेसारखा होतो. फळाच्या वासाच्या जागीं ओली माती, सुकलेलीं पानें, चामडें यांचा भास होतो. म्हणून चाखणारा प्रथम पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कडेचा रंग पाहतो, मग वास घेतो, आणि शेवटीं घोट जिभेवर घोळवितो. परंतु सर्वच लाल रस मुरण्याजोगे नसतात. बहुतेक दोन-चार वर्षांतच प्यावे. मोठ्या प्रसंगासाठीं राखून ठेवलेली बाटली उशिरा उघडून आंत फिके, निर्जीव पाणी सांपडल्याच्या कथा प्रत्येक तळघराच्या आहेत.

जुनी बाटली वाढण्यापूर्वीं एक दिवस उभी ठेवावी. मग मानेमागें मेणबत्ती धरून रस संथपणें सुरईंत ओतावा व गाळाची रेघ मानेशीं येतांच थांबावें. फार जुना रस लगेच वाढावा. हवेनें तो तासाभरांत कोमेजतो. तो खोलीच्या उष्णतेवर प्यावा असें म्हणतात, पण ती खोली युरोपांतील, शेगडीवांचूनची, १६ ते १८ अंशांची. आमच्या कोंकणपट्टींत खोलीचा पारा तिशीवर असतो; येथें बाटली वाढण्याआधीं थोडा वेळ गार पाण्यांत ठेवावी.