तळटीप : ‘टेक्स्टआउट’ की ‘ड्रॉटेक्स्ट’
१. विंडोजच्या जीडीआय संग्रहातील ‘टेक्स्टआउट’ हे फंक्शन दिलेल्या बिंदूपासून एकच ओळ रेखाटून मोकळे होते. ‘ड्रॉटेक्स्ट’ मात्र, तशी आज्ञा दिल्यास, नेमून दिलेल्या चौकटीच्या हद्दीत शब्द न तोडता ओळी पाडण्याचा जिम्मा स्वतः पत्करते, आणि म्हणूनच संदेशचौकटींस ते अधिक सोयीचे. ग्रंथकर्त्याने देवनागरीचा विचार येथे केलेला नाही, हे खटकते : कळ दाबली जाताच केवळ तेवढाच वर्ण पुढे चिकटविणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातून ‘स्थिती’तील जोडाक्षर फुटते, आणि स्मृतीत व्यंजनांच्या मागून येणारी परंतु पडद्यावर त्यांच्या आधी उभी राहणारी ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडते, सबब, फंक्शन कोणतेही निवडले तरी, संपूर्ण ओळ साठवून एकदम त्याच्या सुपूर्द करावी. — संपादक