गब्बरची बिस्किटं

सिनेमाचा धंदा तिकिटावर चालतो, हा आमचा समज 'शोले'नं मोडला. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, तेव्हा पॉलिडॉर कंपनीच्या गाण्यांच्या तबकड्यांना म्हणावा तसा उठाव नव्हता. पण लोक संवादांवर खूश आहेत हे लक्षात आलं आणि कंपनीनं चक्क संवादांचीच तबकडी काढली. ती धडाक्यात खपली! पुढे गब्बरच्या हातात ब्रिटानियाची ग्लुकोज बिस्किटं आली. ज्याचं नाव सांगून आयांनी पोरांना झोपवावं, त्याच्याच शिफारशीवरून पोरं बिस्किटं खाऊ लागली.

तिकडे अमेरिकेत जॉर्ज लुकासनं 'स्टार वॉर्स'च्या (१९७७) वेळी जास्त मानधनाऐवजी खेळण्या-बिळण्यांचे हक्क पदरात पाडून घेतले. त्या नाताळात खेळणी वेळेवर तयार होईनात, तर केनर कंपनीनं रिकामी खोकी विकली. आत नुसती वायद्याची चिठ्ठी! तीही खपली.

आता आमचा हिशेब बघा. डोंबिवलीच्या मंडळानं वर्गणीतून ती तबकडी आणली आणि गणपतीत कर्ण्यावरून अख्ख्या आळीला ऐकवली. लोकलमध्ये आम्ही गब्बर फुकट सादर केला. म्हणजे खर्च आमचा, जाहिरात आमची आणि गल्ला त्यांचा! पण तक्रार नाही. लोंबकळत व्हीटी गाठणाऱ्या कारकुनाला तासभर सरदार होता आलं, ते कुठल्या वहीत मांडणार?