काचाभ द्रवातून चेहऱ्यापर्यंत

हायलुरॉनिक ॲसिडची जाहिरात पाहून एखादा विद्यार्थी आपल्याला विचारील, "सर, ॲसिड चेहऱ्याला कसे चालते?" प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीतील ॲसिडशी याचे नाते नावापुरतेच. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक जोडून झालेली ही लांबलचक साखळी आहे. शरीरात ती बहुतांशी सोडियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि भोवती भरपूर पाणी धरून ठेवते. सत्तर किलो वजनाच्या माणसात ती सुमारे १५ ग्रॅम असते, निम्मी तर त्वचेतच; आणि रोज सुमारे एक तृतीयांश मोडून नवी तयार होते.

हा पदार्थ प्रथम सापडला तो डोळ्यात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून तो वेगळा केला. काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून निम्मे नाव आले, आणि साखळीतल्या युरॉनिक ॲसिडवरून उरलेले.

गंमत अशी की, या पदार्थाचा शत्रू त्याच्याही आधी सापडला होता. १९२८ साली फ्रान्सिस्को ड्युरान-रेनाल्स यांना दिसले की, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क मिसळला की देवीच्या लसीतील विषाणू त्वचेत अधिक जोमाने पसरतो. या अर्कात नेमके काय आहे, ते बारा वर्षांनी उमगले. पुढे पेनिसिलिनसाठी नोबेल मिळवणारे अर्न्स्ट चेन आणि त्यांचे सहकारी डुथी यांनी दाखवले की, तो हायलुरॉनिक ॲसिडची साखळी तोडणारे एन्झाइम आहे. त्याचे नाव हायलुरॉनिडेज. हे नाव लक्षात ठेवावे.

चेहऱ्यावरचे खड्डे, सुरकुत्या भरण्याची खटपट याहून जुनी. १८९३ साली जर्मनीत नॉयबर यांनी रुग्णाचीच चरबी वापरली. नंतर व्हिएन्नाच्या गेर्झुनी यांनी व्हॅसलीन टोचले आणि पाठोपाठ पॅराफिनची लाटच आली. मेण त्वचेखाली सरकू लागले, त्याच्या गाठी झाल्या, व्रण पडले. ते काढायचे तर चेहरा कापणे भाग होते. द्रव सिलिकोननेही हाच अनुभव दिला. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कोलॅजेनला मान्यता मिळाली. ते काही महिन्यांत विरे, पण काहींना त्याची ॲलर्जी असल्याने आधी हातावर चाचणी घेऊन आठवडे थांबावे लागे.

हायलुरॉनिक ॲसिड सर्व प्राण्यांत सारखेच असल्याने ही अडचण फारशी नव्हती. एन्द्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यातून ते अतिशय शुद्ध मिळवले आणि १९८०च्या सुमारास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ते रुळले. त्वचेत मात्र ते दिवसा-दोन दिवसांत मोडून जाई. मग साखळ्या रसायनाने एकमेकींना जागोजाग बांधून जेल केले, ते महिनोन्‌महिने टिकू लागले. जंतूंच्या मदतीने बनवलेले असे जेल स्वीडनच्या एका कंपनीने १९९६ मध्ये युरोपात आणले. अमेरिकेची मान्यता डिसेंबर २००३ मध्ये मिळाली. ओठ, गाल, नाकाच्या बाजूच्या घड्या यांसाठी ते वापरतात.

आता ते जुने नाव कामी येते. जेल चुकीच्या जागी बसले, तर हायलुरॉनिडेज टोचून ते विरघळवता येते. पॅराफिनच्या काळात हा मार्ग नव्हता. आमच्या मते, या पदार्थाच्या यशाचे निम्मे श्रेय त्याच्या या शत्रूला आहे.

पण याचा अर्थ ते निर्धोक आहे असा नव्हे. किंचित सूज, काळेनिळे डाग नेहमीचेच. खरी भीती रक्तवाहिनीत सुई शिरण्याची. त्वचा पांढरी पडते, खूप दुखते आणि वेळीच एन्झाइम दिले नाही तर ती मरते. भुवयांमधल्या आणि नाकाच्या रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीला जोडलेल्या आहेत. दाबाने जेल उलट दिशेने रेटले गेले की ते दृष्टिपटलापर्यंत जाऊ शकते. रक्त थांबल्यावर तासा-दीड तासात तिथे भरून न येणारी हानी होते. एन्झाइमने गेलेली दृष्टी परत येईलच, याची खात्री नाही. ज्या डोळ्यात हा पदार्थ सापडला, त्याच डोळ्याला त्याचा सर्वांत मोठा धोका! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये याबद्दल इशारा दिला. २०२१ मध्ये आणखी एक द्यावा लागला, तो बिनसुईच्या 'पेन'ने हे जेल घरच्या घरी ओठांत भरणाऱ्यांना.